परदेशातला पहिला निबंध: अडचण इंग्रजीची नसते

सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यापीठांत नवे वर्ष सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास नवख्या विद्यार्थ्यांना पहिला मोठा निबंध लिहावा लागतो. मी येथे संशोधन करताना विद्यापीठाच्या लेखन मार्गदर्शन केंद्रातही काम करते, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागांतून आलेली मुलेही अधूनमधून भेटतात. त्यांतील अनेकांचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजीत झालेले असते, आणि गुण कमी पडले की 'आपले इंग्रजीच कच्चे' असा निष्कर्ष तेही काढतात आणि घरचेही. माझे मत निराळे आहे. व्याकरणातील चुका सुधारता येतात आणि त्यांपायी जाणारे गुण फारसे नसतात. उत्तर लिहिणे म्हणजे काय, याविषयीची आपली कल्पना आणि येथील अपेक्षा यांतील अंतर मात्र कोणी आधी सांगितलेले नसते.

एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेत, ६२५ पैकी ५९० गुण मिळवणारा विद्यार्थी मेहनती असतो, यात शंका नाही. परंतु त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी पाठ्यपुस्तकात आधीच ठरलेली असतात. सर्व मुद्दे आठवून, क्रमाने आणि स्वच्छ अक्षरात मांडले की काम झाले. येथील प्रश्न 'अमुक धोरण कितपत यशस्वी ठरले?' अशा स्वरूपाचा असतो. सुरुवातीलाच आपली भूमिका सांगायची आणि पुढच्या प्रत्येक परिच्छेदाने पुरावा देऊन ती पुढे न्यायची, ही अपेक्षा असते. २,००० शब्दांच्या निबंधात पहिले ६०० शब्द विषयाची पार्श्वभूमी सांगण्यात गेले, तर ती माहिती कितीही अचूक असली तरी परीक्षक विचारतोच की, यात तुमचे म्हणणे कोणते?

हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो आपलाच सीमाप्रश्न निबंधाचा विषय होतो तेव्हा. राज्यशास्त्राचा विद्यार्थी भाषावार प्रांतरचनेवर लिहायला बसतो, आणि घरी व चौकात लहानपणापासून ऐकलेले सारे कागदावर उतरते. '१९५६ साली आमच्यावर अन्याय झाला, हे सर्वांना ठाऊक आहे,' असे वाक्य तो मनापासून लिहितो. समासात शेरा येतो: सर्वांना म्हणजे कोणाला, आणि आधार कोणता? हा शेरा त्याला अपमानासारखा वाटतो, आणि ते मी समजू शकते, कारण मीही त्याच भागात वाढले आहे. परंतु शेरा त्याच्या भावनेवर नसतो. राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल काय म्हणतो, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने कोणत्या निकषांवर शिफारशी केल्या, महाराष्ट्राने त्या का नाकारल्या आणि कर्नाटक त्याच अंतिम का मानते, हे मूळ कागदपत्रांतून दाखवून मग स्वतःचे मत मांडले, तर तेच मत कितीतरी भक्कम होते. त्यासाठी कर्नाटकाचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत बळकट रूपात आणि प्रामाणिकपणे लिहावा लागतो. आपल्या मुलांना सर्वांत जड जाते ते हेच, आणि म्हणूनच ते शिकण्यासारखे आहे असे मला मनापासून वाटते.

दुसरा मोठा प्रश्न उसन्या मजकुराचा. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यामुळे 'दहा टक्के चालते' हा समज घेऊनच अनेक जण येतात. परंतु निबंधातील असे साम्य शोधणारी टर्निटिन ही संगणकप्रणाली केवळ जुळणारा मजकूर दाखवते, चोरी झाली की नाही हे ठरवत नाही. संदर्भसूची आणि अवतरणे धरून २० टक्के साम्य निर्दोष असू शकते, तर एकाच लेखातून जसाच्या तसा उचललेला एक परिच्छेद, अहवालात तो ५ टक्के दिसला तरी, चौकशीला पुरेसा ठरतो. वाक्यातील चारदोन शब्द बदलणे हाही उपाय नव्हे; आणि कल्पना दुसऱ्याची असेल, तर शब्द पूर्णपणे आपले असले तरी लेखकाचे नाव व वर्ष द्यावेच लागते.

घरच्यांसाठी एक गोष्ट सांगते. येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमात साधारणपणे ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला सर्वोच्च श्रेणी मिळते. मुलीने फोनवर ६२ सांगितले, तर ती मागे पडली असे कृपया समजू नका.

तयारी मात्र विमानात बसण्याच्या कितीतरी आधी आणि मराठीतूनही होऊ शकते. आपल्या मुलांना घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशी सवय असते. एका भाषेत वाचलेले दुसऱ्या भाषेत समजावून सांगणे त्यांना उपजतच जमते. एखादा इंग्रजी लेख वाचावा, मिटावा, त्यातील युक्तिवाद आईला किंवा आजोबांना मराठीत सांगावा, आणि मगच मूळ लेख न उघडता तो इंग्रजीत लिहावा. असे लिहिलेले सहसा स्वतःच्या शब्दांत उतरते. नंतर ते मूळ लेखाशी ताडून पाहावे. त्याचप्रमाणे एकाच घटनेची मराठी आणि कन्नड दैनिकांतील बातमी शेजारी ठेवून, कोणी काय गाळले आणि कोणाचा आधार दिला, यावर आठवड्याला एक पान लिहावे. संदर्भ नोंदवण्यासाठी झोटेरो ही विनामूल्य संगणकप्रणाली आहे, ती निघण्यापूर्वीच शिकून घ्यावी.

येथे आल्यावर प्राध्यापकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळा असतात, तेव्हा जाऊन प्रश्न विचारावेत. सरांना त्रास कशाला, असे समजून आपली मुले दाराबाहेरूनच परततात. लेखन केंद्रातही शुल्क नसते. अपुरा मसुदा आणला तरी चालतो, किंबहुना तोच आणावा, कारण सादर करण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण झालेल्या निबंधात भूमिका बदलायला वेळच उरत नाही.