एकही शून्य नसलेला तक्ता

लघुप्रबंध जमा करायला चार-पाच दिवस उरले की मानसशास्त्राची मुलं पेनड्राइव्ह घेऊन संख्याशास्त्राच्या टेबलाशी, म्हणजे माझ्याकडे येतात. त्या दिवशी आलेल्या मुलीचा विषय होता विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची खाण्याविषयीची वृत्ती आणि जीवनसमाधान. "मॅडम, फक्त सहसंबंध काढून द्या," म्हणजे या दोन्हींचे गुण एकमेकांसोबत किती चढतात-उतरतात तो आकडा, एवढंच तिचं मागणं.

प्रश्नावल्या नेहमीच्याच. समाधानासाठी मानसशास्त्रज्ञ डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची पाच विधानं. प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५, आणि २० म्हणजे अगदी मध्यावर. खाण्यासाठी गार्नर आणि सहकाऱ्यांची १९८२ची ईएटी-२६, म्हणजे २६ प्रश्नांची ‘ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट’. हिच्यात पर्याय सहा, पण गुण तिघांनाच: ‘नेहमी’ला ३, ‘बहुतेक वेळा’ला २, ‘अनेकदा’ला १. ‘कधीकधी’, ‘क्वचित’ आणि ‘कधीच नाही’ या तिन्हींना शून्य. पुष्कळ जण इथेच घसरतात आणि सरसकट १ ते ६ टाकून मोकळे होतात. हिने तसं केलं नव्हतं. बेरीज जास्तीत जास्त ७८ होते. २० किंवा त्यावर गेली की त्या व्यक्तीची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, असा संकेत आहे. तो संकेतच, निदान नव्हे.

सवयीने बेरजेचा रकाना चढत्या क्रमाने लावला. सगळ्यात वर ३. खाली पुन्हा ३, मग ४. शून्य एकही नाही. सहापैकी तीन पर्यायांना शून्य देणाऱ्या प्रश्नावलीत एवढ्या मुलांमधून एकही शून्यावर नाही, म्हणजे कुठून तरी जवळजवळ सगळ्यांना ३ गुण फुकट मिळत होते. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅक अल्फा काढला तर २५व्या प्रश्नाचा बाकीच्या बेरजेशी संबंध उणे.

ईएटीत एकच प्रश्न उलट मोजायचा असतो: ‘नवनवे, पौष्टिक-चमचमीत पदार्थ चाखायला मला आवडतात.’ इथे ‘कधीच नाही’ला ३. गोची अशी की या प्रश्नावलीचे दोन क्रम फिरतात. एकात हा प्रश्न २५वा आणि ‘जेवणानंतर उलटी काढावीशी वाटते’ हा २६वा. दुसऱ्यात नेमकं उलट. हिचा छापील अर्ज एका क्रमाचा आणि गुणांकनाची किल्ली दुसऱ्या क्रमाची. त्यामुळे ‘उलटी काढावीशी कधीच वाटत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ३ गुण, आणि शिवाय खाण्याचा शौकीन असेल तर त्याचे आणखी ३. मिसळीवर तुटून पडणारं निरोगी पोरगं सहा गुणांनी ‘धोक्यात’!

दोन्ही रकाने दुरुस्त केले. विसाच्या वरची बरीच मंडळी खाली उतरली. एक ओळ मात्र वर चढली: १७ वरून २३. उलटीच्या प्रश्नाला ‘नेहमी’, नव्या पदार्थांच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’. चुकीच्या किल्लीने दोन्हींना शून्य दिलं होतं. समाधानाची बेरीज? २७. म्हणजे ‘समाधानी’.

मूळ अर्ज काढायला लावला. मागच्या पानावर गेल्या सहा महिन्यांतल्या वागण्याचे प्रश्न असतात: ताबा सुटून खाणं, मुद्दाम उलटी, जुलाबाच्या गोळ्या, रोज तासाभराहून जास्त व्यायाम, नऊ किलो किंवा अधिक वजन घटणं. उलटीसमोर ‘आठवड्यातून २ ते ६ वेळा’वर खूण. हे पान एक्सेलमध्ये चढवलंच नव्हतं, कारण गृहीतकात त्याचा उपयोग नव्हता. वास्तविक बेरीज कितीही असो, या पानावरची अशी एक खूणसुद्धा तज्ज्ञाकडे पाठवायला पुरेशी असते. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाची लय बिघडू शकते. वजन नेहमीसारखं असलं तरीही.

सुदैवाने अर्ज निनावी नव्हते. सांकेतिक क्रमांकांची यादी मार्गदर्शकांच्या कपाटात बंद होती आणि ‘गरज वाटल्यास संपर्क करू’ हे संमतिपत्रात लिहिलेलं होतं. हे वाक्य नसेल तर हात बांधलेले राहतात. मार्गदर्शक बाईंनी स्वतः एकट्यानेच यादी उघडली. घरी फोन नाही, वर्गात निरोप नाही. थेट त्या व्यक्तीशीच बोलून समुपदेशक आणि डॉक्टर, दोघांची वेळ ठरवली.

सहसंबंधाचं काम राहिलंच होतं. ईएटीचे गुण शून्याकडे गोळा होतात, म्हणून थेट गुणांवरून काढलेला पिअर्सनचा सहसंबंध नको, गुणांच्या क्रमावरून काढलेला स्पिअरमनचा घे, असं तिला सांगितलं. बेरजेआधी तीन उपगट वेगळे पाहा, हेही: डाएटिंगचे १३ प्रश्न, अतिखाणं आणि अन्नाचा ध्यास यांचे ६, खाण्यावरच्या नियंत्रणाचे ७. त्या सातांत ‘मी जास्त खावं असं इतरांना वाटतं’, ‘खाण्यासाठी इतर दबाव आणतात’ अशी विधानं आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर "किती वाळलीस गं!" ऐकणारी आणि ताटात तिसरी पोळी पडणारी कुठली मुलगी तिथे ‘नेहमी’ लिहिणार नाही? श्रावणात अर्ज भरून घेतले तर ‘भूक लागली तरी खाणं टाळते’ला सोमवारचा उपवासही गुण मिळवून देतो. उलट, पीळदार शरीरासाठी जेवण मोजूनमापून खाणारी जिममधली मुलं इथे निसटतात, कारण प्रश्न बारीक होण्याच्या ओढीचे.

मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत मागची पानं चढवत बसलो. ती वाचायची, मी टाइप करायची. आणखी दोन अर्ज बाजूला निघाले. त्यातल्या एकाची दुरुस्त बेरीज होती ४.