पाणी आलं की मोटर किती वेळ लावायची?

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे, कधी रात्री. हौद भरायचा, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी. दुसऱ्या दिवशी माझ्या अकरावीच्या वर्गात अर्धी पोरं पेंगत असतात. म्हणून यंदा कार्य, ऊर्जा, शक्ती हा धडा मी तिथूनच सुरू केला. फळ्यावर एवढंच लिहिलं: हौदातलं पाणी हजार लिटरच्या टाकीत चढवायला अर्ध्या एचपीच्या मोटरला किती वेळ लागेल?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी उंचीबिंची सगळं देऊन घातला होता. पोरांनी आकडे भरले, उत्तर काढलं, वह्या मिटल्या. विचार करायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

आधी प्रश्न, मग त्याला लागेल ती विद्या, ही पद्धत १९६९ साली कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत सुरू झाली. तिथे रुग्णाची हकिगत आधी समोर येते. माझ्याकडे टाकी होती.

पहिला तास गोंधळात गेला. "मॅडम, उंची तरी सांगा की!" "तुमच्या घराची तुम्हीच मोजून आणा." कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, कुणी गच्चीवरून सुतळी सोडली. एका गटाची उंची १० मीटर भरली. १००० किलो पाणी तेवढं चढवायचं, म्हणजे ९८,००० जूल. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, सेकंदाला ३७३ जूल. उत्तर आलं साडेचार मिनिटांच्या आत.

त्या गटातली एक मुलगी पूर्व भागात राहते, वडील यंत्रमागावर. ती म्हणाली, "मॅडम, आमच्यात स्वयंपाक होतो तरी टाकी भरत नाही."

मी खडू ठेवून दिला. तिने घरी जाऊन टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली १५ लिटरची बादली धरली, मोबाइलवर वेळ लावली: २० सेकंद. मिनिटाला ४५ लिटर, टाकीला २२ मिनिटं. मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? एक जण ठामपणे म्हणाला, "पाणी जोरात पडतं, त्यात गेली." आता गतिज ऊर्जेचं सूत्र त्यांनाच हवं होतं, तेव्हा मी ते शिकवलं. एक इंची पाइप, पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर. किलोमागे जेमतेम १.१ जूल, आणि चढवायला ९८! पोरांनी दोनदा पडताळून पाहिलं.

मग ती मुलगी विजेच्या मीटरकडे वळली. घरातलं सगळं बंद करून फक्त मोटर चालू ठेवली आणि आईला घड्याळ घेऊन उभं केलं. मीटरचा लाल दिवा मिनिटात ३२ वेळा लुकलुकला. मीटरवर छापलंय, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे २२ मिनिटांत ०.२२ युनिट; एका युनिटचे ३६ लाख जूल, तेव्हा हे जवळजवळ ८ लाख जूल. त्यातले टाकीपर्यंत पोचले ९८ हजार. बाकीचे मोटरच्या तापण्यात, पाणी घुसळण्यात, पाइपाच्या घर्षणात आणि एकेका एल्बोत, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडात. ही यादी मुलांनी आपसात भांडून केली. मी फक्त ओल्या हाताने मोटरला हात लावायचा नाही, एवढं बजावलं.

याला पाच तास लागले. एरवी मी दोन तासांत उरकते. एका पालकांनी फोन करून विचारलं, सीईटीचं काय? त्यांची काळजी रास्त आहे. सगळा पोर्शन असा शिकवता येणार नाही, वर्षात असे तीनच प्रश्न घेते आणि सरावाची गणितं नंतर करून घेतेच. पण हे तीन मात्र मी सोडणार नाही. या धड्यावर जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत, ती एल्बोवरून हमरीतुमरीवर आली होती.

काल ती मुलगी सांगत होती, त्यांच्या पाइपाला सात एल्बो आहेत, प्लंबरकाकांना सांगून दोन काढायचेत. पुढचं पाणी परवा येणार आहे. बादली तिने आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे.