पणजी ते पाळोळे शिडाच्या बोटीने: रडारवर न दिसणारी बोट आणि मुरगावसमोरचा पट्टा

"ही लावा, पाच मैलांवरून जहाजाच्या रडारवर दिसाल," असं विक्रेत्याने छातीठोक सांगून आमच्या गळ्यात रिफ्लेक्टरची, म्हणजे रडारचे किरण परत पाठवणारी, एक नळी मारली. मनगटाएवढी पांढरी प्लॅस्टिकची नळी, आत पत्र्याच्या बारीक चकत्या, किंमत साडेचार हजार. घेऊ नका. फुकट मिळाली तरी तिच्या भरवशावर मुरगावसमोरून रात्री जाऊ नका.

मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा धरायचा म्हणून मध्यरात्रीनंतर मांडवीतून निघालो. आग्वादबाहेर पडून दोनापावलाचं टोक डावीकडे ठेवत दक्षिणेला. मुरगावबाहेर नांगरावर उभी असलेली जहाजं त्रास देत नाहीत, ती उजेडाने लखलखत असतात. धोका चालत्या जहाजाचा. बंदरातून एक मालवाहू बाहेर आलं आणि त्याचा तांबडा नि हिरवा दिवा एकदमच दिसायला लागला, म्हणजे जहाजाची नाळ (पुढचं टोक) सरळ आमच्यावर. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर जहाजाला हाक मारली, आमची जागा सांगितली. उत्तर आलं, "तिथे माझ्या रडारवर काहीच नाही."

तांडेल काका ओरडले, "शिडार उजेड मार रे!" मोठी बॅटरी पांढऱ्या शिडावर धरली तेव्हा त्याने आम्हाला डोळ्यांनी पाहिलं आणि उजवीकडे वळून आमच्या मागून जहाज काढलं. बारा नॉट (ताशी बारा सागरी मैल) वेगाचं जहाज दहा मिनिटांत दोन सागरी मैल येतं. हाक मारायला उशीर करू नका.

फायबरची बोट रडारचे किरण फारसे परत पाठवत नाही, लाकडाचीही नाही. त्यात लाटांमुळे उठणाऱ्या ठिपक्यांचा कचरा पडद्यावरून काढायला जहाजावरचा अधिकारी बटण फिरवतो, तेव्हा आपला क्षीण ठिपकाही पुसला जातो. नळीतल्या चकत्यांचे किरण परत फेकणारे कोपरे इतके लहान की बोट सरळ उभी असतानाही प्रतिध्वनी जेमतेम येतो, आणि वाऱ्याने कलली की तोही जातो. शिडाची बोट तर कललेलीच असते! २००६ मध्ये इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ 'औझो' ही शिडाची बोट तीन माणसांसह गेली. त्यानंतर तिथल्या अपघात तपास यंत्रणेने बाजारातले रिफ्लेक्टर तपासून घेतले. चार इंची नळीही कामाची नाही, हा २००७ चा निष्कर्ष आहे. इतकी वर्षं लोटली तरी ती आपल्याकडे विकली जाते, याची मला चीड येते.

काब द रामपर्यंत आणि पुढे पाळोळेपर्यंत छान वारा मिळाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मडगावला एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांत काटकोनात बसवून अष्टफलक, म्हणजे आठ खळग्यांचा रिफ्लेक्टर, करून घेतला. नळीच्या निम्म्याहून कमी खर्च आला. गुण्या लावून तपासा, दोन-तीन अंशांचा फरकही प्रतिध्वनी खातो. आकारात कंजुषी नको: कोपऱ्याची बाजू दुप्पट केली तर परतणारी ताकद सोळापट होते. त्याच्या एका टोकाला दोरी बांधून टांगू नका. एक खळगा आकाशाकडे उघडा राहील, पावसाचं पाणी साठेल, असा बांधा, आणि वरून-खालून दोरीने ताणून पाण्यापासून किमान चार मीटर उंच ठेवा. परतताना मुरगावसमोर दुसऱ्या जहाजाला मुद्दाम विचारलं. तीन मैलांवर ठिपका टिकून दिसतोय, म्हणाला.

तरी पावसात यावर विसंबू नका. जोराच्या सरींत जहाजं तीन सेंटिमीटरऐवजी दहा सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार वापरतात, त्यावर त्याच अष्टफलकाचा प्रतिध्वनी साधारण दहाव्या हिश्श्याएवढा उरतो. पैसे असतील तर क्लास बी एआयएस, म्हणजे बोटीची जागा रेडिओवरून आपोआप जहाजांना सांगणारं छोट्या बोटींचं यंत्र, आधी बसवा. त्याच्या साध्या प्रकाराची ताकद दोनच वॅट, म्हणून अँटेना डोलकाठीच्या टोकावर हवा. बोट दोन नॉटच्या खाली रेंगाळली की तो तीन मिनिटांतून एकदाच आपली जागा सांगतो, म्हणून मुरगावसमोर वारा पडला तर डोलत बसू नका, इंजिन लावून पट्टा पार करा.