मुंबई ते मोपा ३८५ किमी, पण शिरोडा किती लांब?

गेल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं की ११ चं विमान आहे, साडेबारापर्यंत घरी, सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला, येतो. मी सरळ तिकिटावरचा सव्वा तास धरला होता. घरात पाय ठेवला तेव्हा सव्वादोन वाजून गेलेले, बांगड्याची आमटी ताटलीखाली गार झालेली, आणि आई तशीच उपाशी, बीपीची गोळीसुद्धा जेवणानंतरची म्हणून राहिलेली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मुंबई ते मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातलं विमानतळ, सरळ रेषेत साधारण ३८५ किमी. रस्त्याने शिरोडा पाचशेच्या आसपास पडतं, कारण महामार्ग घाट, खाड्या बघत वळसे घेत जातो. जेट विमानाचा वरचा वेग ताशी ८०० च्या पुढे, म्हणजे हिशोबाने अर्धा तास पुरायला हवा ना, पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान वर चढून जरा सरळ होतंय न होतंय तोच खाली यायला लागतं, पूर्ण वेग असा मिळतच नाही. शिवाय तिकिटावरची वेळ गेटवरून सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकावेळी एकच वापरतात, मग रांग. त्या दिवशी आमच्या पुढे पाच विमानं होती, मी खिडकीतून मोजली.

आणि वारा! दुबईला असलेला मावसभाऊ सांगतो, अंतर तेच, १९०० किमीच्या आसपास, पण मुंबईहून दुबईला जाताना सव्वातीन तास आणि मुंबईला येताना पावणेतीन-तीन, कारण थंडीत वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, येताना तो पाठीवर मिळतो. मोपाला उत्तर-दक्षिण जायचं असल्यामुळे एवढा फरक पडत नाही.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. ठाण्याहून साडेसातला निघालो, एअरपोर्टला ९, बॅग, सिक्युरिटी, मोपाला उतरायला १२:४०, परत बॅगेची वाट, मग टॅक्सीने तासभर शिरोडा. पावणेसात तास झाले, त्यातला हवेत जेमतेम एक. कोकणकन्येने रात्री झोपून सकाळी सावंतवाडीला उतरणारे उगाच खुळे नाहीत, पण दोन दिवसांचीच सुट्टी असेल तर विमानच बरं, हे माझं मत.

आता आईने "किती वाजता पोचतलंस?" विचारलं की मी दारापासून दारापर्यंतची वेळ सांगतो, वर अर्धा तास धरून. या मे महिन्यात ३ सांगितले आणि अडीचलाच पोचलो. तर आई खळ्यात खुर्ची टाकून बसलेली.

"जेवलीस काय?"

"जेवलंय. विमान आधीच इला तर, म्हणान हंय बसलंय."