टेम्परेचर कंट्रोलची नोंदवही: पडद्यावरचे २०० अंश खरे किती?

मंडळी, या वेळची नोंद एकाच प्रश्नावर आहे. ई-सिगारेटच्या मॉडच्या, म्हणजे बॅटरीच्या भागाच्या, पडद्यावर २०० अंश दिसतात, तेव्हा कॉइल, म्हणजे लिक्विडची वाफ करणारी तार, खरंच २०० अंशांवर असते का? गेले काही आठवडे दोन मॉड शेजारी ठेवून मी याच्याच मागे लागले होते. उत्तर मिळालं, आणि नवा मॉड घेताना काय बघायचं याबद्दलचं माझं मत त्यामुळे बरंच बदललं.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडं. कॉइलमध्ये थर्मामीटर नसतो. तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. मॉड ती वाढ मोजतो आणि तापमानाचा हिशोब करतो. दर अंशामागे किती वाढ, हा त्या धातूचा गुणांक, म्हणजेच मेनूतला टीसीआर. निकेलचा साधारण ०.००६, टायटॅनियमचा ०.००३५, आणि आपल्यापैकी बरेच जण वापरतात त्या एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६एल तारेचा फक्त ०.०००९२. कँथल या मिश्रधातूचा जवळपास शून्य, म्हणून कँथलवर टीसी, म्हणजे टेम्परेचर कंट्रोल, चालत नाही.

आता माझी कॉइल घ्या. एसएस ३१६एल, थंड असताना ०.५० ओहम. २० अंशांवरून २२० अंशांवर गेली तर तिचा रेझिस्टन्स ०.५९२ होतो. दोनशे अंशांचा सगळा प्रवास ०.०९२ ओहममध्ये मावतो! मोजणीत ०.०१ ओहमची गफलत झाली की तापमान २२ अंशांनी चुकलं. हा हिशोब कागदावर मांडल्यापासून मला मॉडची वॅटेज, रंगीत पडदा, दिवे यांत काही रस उरलेला नाही. मॉड रेझिस्टन्स किती बारकाईने मोजतो, एवढंच मी आधी विचारते.

या अंशांची एवढी काळजी का? प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कॉइलमधला लिक्विड शोषून धरणारा कापूस ओला आहे तोवर उकळणारं लिक्विड उष्णता खेचून घेतं आणि कॉइल आपोआप काबूत राहते. कापूस कोरडा पडला की तीच वॅटेज कॉइलला झपाट्याने वर नेते. मग कापूस करपतो, आणि लिक्विडचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन अशी द्रव्यं तयार होतात. २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना ५ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं मोठ्या प्रमाणात सापडली, ३.३ व्होल्टवर मात्र सापडली नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाचं म्हणणं असं, की एवढं प्रमाण कोरड्या, जळकट झुरक्यातच येतं आणि सवयीच्या माणसाला तो झुरका लगेच नकोसा होतो. मला दोन्ही अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवताना दिसतात: कोरडी कॉइल तापू द्यायची नाही. जिभेला जळकट लागायच्या आधीच मॉडने हात आखडता घ्यावा, यासाठीच तर टीसी आहे. २०१४ साली एव्हॉल्व्ह कंपनीची डीएनए ४० चिप आली, तेव्हा निकेलच्या तारेवर हेच पहिल्यांदा जमू लागलं.

तर चाचणी. नवी कॉइल, नवा कोरडा कापूस, लिक्विडचा थेंबही नाही, वॅटेज कमी. सिंकजवळ उभं राहून बटण थोडं थोडं दाबायचं आणि कापसाकडे बघत राहायचं. झुरका अजिबात घ्यायचा नाही. पडद्यावर २०० असताना कापूस पांढरा राहायला हवा. मग दहा-दहा अंशांनी वर जायचं आणि फिकट बदामी रंग कुठे येतो ते लिहून ठेवायचं.

माझ्या डीएनए ७५सी चिपच्या मॉडवर २०० ला कापूस स्वच्छ राहिला, रंग २३० च्या आसपास यायला लागला. दुसरा मॉड स्वस्तातला, नाव लिहीत नाही. त्याच्यावर तोच टँक (कॉइल आणि लिक्विड ठेवायचा वरचा भाग), तीच कॉइल आणि बदललेला कापूस: २०० लाच बदामी. सुरुवातीला मला वाटलं ५१० चा सांधा, म्हणजे मॉड आणि टँक जोडणारा भाग, मळला असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कॉइलचे स्क्रू आवळले, निकाल तोच.

मग मेनू नीट बघितला. त्यात नुसतं ‘एसएस’ लिहिलंय. कोणतं स्टील? ३०४ चा गुणांक ०.००१०५, ४३० चा ०.००१३८. मॉडने ३०४ गृहीत धरलं असेल तर पडद्यावरच्या २०० ला माझी ३१६एल खरं तर २२५ ला असते. ४३० धरलं तर २९० ला! मी तयार ‘एसएस’ सोडून टीसीआर हाताने ९२ (म्हणजे ०.०००९२) भरला आणि चाचणी पुन्हा केली. कापूस २०० ला पांढरा. मॉड बरोबरच मोजत होता, त्याला तार कोणती हे ठाऊक नव्हतं. म्हणून माझ्यासाठी आता टीसीआर हाताने भरता न येणारा मॉड बाद, दाम कितीही कमी असो.

दुसरी अट रेझिस्टन्स लॉकची, म्हणजे थंड कॉइलचा रेझिस्टन्स मॉडमध्ये पक्का करून ठेवायच्या सोयीची. टँक काढून परत लावला की मॉड विचारतो, कॉइल नवी की जुनी. गरम कॉइलला ‘नवी’ म्हटलं की तो गरम रेझिस्टन्सच थंड समजून हिशोब सुरू करतो. कॉइल त्या वेळी ६० अंशांवर असेल, तर पडद्यावरच्या २२० ला ती खरी २६७ च्या आसपास जाते. टँक दहा-पंधरा मिनिटं निवू द्यावा, मगच लॉक करावा.

धातूंबद्दल थोडक्यात. टायटॅनियम लाल होईपर्यंत तापवू नका, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर येतो. निकेलही कोरडं जाळू नये. मी स्टीलसुद्धा जाळून साफ करत नाही, नवी कॉइल वळते. तार स्वस्त आहे, फुप्फुसं नाहीत.

मेकॅनिकल मॉडबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारतात, तर स्पष्ट लिहिते: घेऊ नका. त्यात चिप नाही, कटऑफ नाही, सेल आणि कॉइल थेट जोडलेले. ०.२ ओहमची कॉइल आणि ४.२ व्होल्टचा भरलेला सेल म्हणजे २१ अँपिअर. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच एक मॉड फुटून माणूस गेला.

चिपवाल्या मॉडमध्येही सेलचा हिशोब आपणच करायचा. सेल उतरत जातो तसा मॉड जास्त करंट ओढतो. एका सेलवर ६० वॅट, सेल ३.२ व्होल्टवर, चिपमधली थोडी गळती धरली तर करंट २० अँपिअरच्या वर जातो. सॅमसंगचा २५आर सेल २० अँपिअरचा आहे. म्हणून एका सेलच्या मॉडवर मी ४० वॅटच्या पुढे जात नाही. १८६५० (मॉडमधल्या नेहमीच्या आकाराच्या) सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही धरू नका, एवढी क्षमता त्या आकारात मावतच नाही. आणि रॅप, म्हणजे सेलवरचं प्लॅस्टिकचं वेष्टन! सेलचा अख्खा डबा ऋण टोक असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. धन टोक आणि ती कड यांच्यामध्ये फक्त पातळ रॅप आणि एक छोटी चकती. रॅपला चीर दिसली की तो सेल आधी बदला. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच नको, प्लॅस्टिकची डबी ठेवा.

मी ब्रिटनमधल्या लेस्टरला राहते आणि सिगारेट सुटावी म्हणून यात आले. ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही त्यांनी यात पडायचं काही कारण नाही. इथे लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, आणि १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आहे, ते मला मनापासून पटतं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सामानात एखादा मॉड चालतो’ असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. पुण्याला जाताना मी मॉड, टँक, लिक्विड, सगळं इथेच ठेवते आणि तिकडे २ मिलिग्रॅमच्या निकोटीन गमवर राहते.