ट्रेलरसह डोंगरचढाई : पिकअपमध्ये टू-लो कुठे आणि कसं वापरावं

हौद्यात सामान, मागे ट्रेलर, सगळं मिळून सुमारे ५ टन वजन. पायथ्यापासून वर काँक्रीटचा एकेरी चढ, त्यात अगदी आवळलेली नागमोडी वळणं, माथ्यावर चिंचोळ्या जागेत ट्रेलर मागे घ्यायचा, आणि मग पलीकडच्या मुरमाड उताराने खाली यायचं. या वाटेवर पिकअप बराच वेळ टू-लोमध्ये होती, म्हणजे ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला देणारी पेटी) लो रेंजमध्ये, जिथे वेग कमी आणि ओढ जास्त, पण जोर फक्त मागच्या चाकांना. याच पद्धतीने जाणार असाल तर एक गोष्ट आधी पक्की करा : टू-लो वेग आटोक्यात ठेवण्यासाठी आहे, पकड वाढवण्यासाठी नाही. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आधी आकडे. गाडीचा पहिला गिअर ४.२, डिफरन्शियल ३.९, लो रेंज २.५६६ (हायलक्समध्ये हेच गुणोत्तर असतं, जीपच्या एनपी २३१ ट्रान्सफर केसमध्ये २.७२) आणि टायरचा एक फेरा साधारण २.३९ मीटरचा धरू. इंजिन ७५० आरपीएमवर आयडलला असताना हाय रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने पुढे जाते. लोमध्ये तोच वेग अडीच किलोमीटरवर येतो. १:६ चा चढ ५ टन घेऊन चढायला मागच्या अॅक्सलवर सुमारे ३,३०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्यासाठी हायमध्ये इंजिनकडून २०० न्यूटन-मीटरच्या वर मागावे लागतात. तेवढे आयडलजवळ मिळत नाहीत, म्हणून रेस वाढवून हाफ क्लचवर गाडी उचलावी लागते. लोमध्ये ८० पुरतात. गिअरमधल्या घर्षणात जातं ते यात धरलेलं नाही, पण तफावत कळायला एवढं पुरे. क्लच पूर्ण सोडून, पाय न थरथरता गाडी चढते. ऑटोमॅटिक असेल तर क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर तापतो. लो रेंजमध्ये त्याचंही ओझं तसंच हलकं होतं.

मग सरळ फोर-लो, म्हणजे लो रेंज आणि जोर चारही चाकांना, का नको? वळणांमुळे. पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. व्हीलबेस ३.१ मीटर आणि मागच्या अॅक्सलची वळणाची त्रिज्या ५ मीटर असेल, तर अर्धवर्तुळाकार वळणात मागचा अॅक्सल १५.७ मीटर जातो आणि पुढचा १८.५ मीटर. एकाच वळणात पुढच्या चाकांना एक फेरा जास्त फिरायचं असतं, पण मागचा शाफ्ट त्यांना तसं फिरू देत नाही. मुरमावर टायर थोडा घसरून हा फरक जिरवतो. कोरड्या काँक्रीटवर मात्र तो जिरत नाही : स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते, पुढचा टायर ‘खर्र खर्र’ करत धक्क्याने सुटतो आणि वळण संपल्यावर ट्रान्सफर केसची दांडी निघता निघत नाही. हा ताण युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) आणि ट्रान्सफर केसची चेन सोसत असते.

टू-लो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे पुढची चाकं त्यांच्या अॅक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे खटके. सपाट जागेवर उभं राहून दोन्ही हब ‘फ्री’वर फिरवा आणि ट्रान्सफर केस ४एलमध्ये (फोर-लोची खूण) टाका. पुढचा शाफ्ट फिरतो, डिफरन्शियल फिरतं, चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही. दोन्ही हब एकाच स्थितीत आहेत हे वाकून, हात लावून तपासा. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर जोर मोकळ्या बाजूला निघून जातो. वर गरज पडली की फोर-लो मिळत नाही ते वेगळंच. हब फिरत नसेल तर पक्कड लावू नका. आत ताण साठलेला असतो. गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या, बोटांनी सुटेल.

हब नसलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या अॅक्सलला मोटरवर किंवा व्हॅक्यूमवर चालणारा जोड असतो. तिथे गाडीची वायरिंग आणि व्हॅक्यूमची आकृती समोर ठेवल्याशिवाय हात घालू नये. टोयोटाच्या एडीडी या आपोआप जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये पुढच्या एका बाजूचा अॅक्सल मोटरने जोडला जातो. त्या मोटरला जाणारा आदेश स्विचने तोडता येतो, पण फोर व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो आणि काही गाड्यांचा संगणक मग लो रेंज नाकारतो. स्विच बसवायचाच असेल तर तारांचा मूळ जुडगा (हार्नेस) कापू नका. मध्ये प्लग लावून वेगळी तार काढा, फ्यूज घाला, म्हणजे काही बिघडलं तर दोन मिनिटांत सगळं मूळ जागी येतं. व्हॅक्यूमची नळी काढून काम होईल असं सरसकट धरू नये. २००४ पासूनच्या फोर्ड एफ-१५० मध्ये व्हॅक्यूम चाकाचा जोड सोडवून धरतो. नळी काढली की स्प्रिंगने जोड लागतो, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. थोडी गळती असेल तर दाते अर्धवट भिडतात आणि घरघर ऐकू येते. डाना ३०० सारख्या जुन्या ट्रान्सफर केसना दोन दांड्यांची जोडणी करता येते. तिथे टू-लो दांडीवरच मिळतं, आणि सगळ्यांत भरवशाची व्यवस्था तीच. फुल-टाइम, म्हणजे कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मधलं डिफरन्शियल मोकळं असताना पुढचा जोड सोडला तर सगळा जोर पुढे वाया जातो आणि गाडी हलतच नाही.

लो रेंज टाकताना हँडब्रेक ओढलेला हवा आणि चढावर असाल तर चाकामागे लाकडी ठोकळाही हवा. दांडी ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलमधून जाते. त्या क्षणी गिअरबॉक्स ‘पी’त असो वा पहिल्या गिअरमध्ये, चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. आमच्या मते हे काम पायथ्याच्या सपाटीवरच उरकावं. गाडी थांबवा, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, दांडी एका दमात ४एलवर, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, मग गिअर.

चढताना दुसरा गिअर सोयीचा पडतो : १,५०० आरपीएमवर ताशी सव्वानऊ किलोमीटर. वळणाआधी पहिला टाका, वळणात गिअर बदलू नका. अॅक्सिलरेटरवर पाय हलका हवा. का ते पाहा. मागच्या अॅक्सलवर २ टन भार आणि काँक्रीट कोरडं असेल, तर टायर सुमारे ६,००० न्यूटन-मीटरपर्यंत पकड धरतात. ३५० न्यूटन-मीटरचं इंजिन लोच्या पहिल्या गिअरमध्ये १४,७०० देऊ शकतं. फोर-लोमध्ये ते दोन अॅक्सलमध्ये वाटलं जातं. इथे सगळं एकट्या मागच्या शाफ्टवर येतं. पूर्ण रेस दिली की चाक एकतर फिरतं, नाहीतर उड्या मारायला लागतं. उडी मारून टेकलेल्या चाकाला एकदम पकड मिळते तेव्हाच युनिव्हर्सल जॉइंट किंवा हाफ शाफ्ट तुटतो. चाक दगडाला अडलं असेल तर जोर लावू नका. मागे या, बाजूने घ्या.

काँक्रीट ओलं असेल तर हीच पकड निम्म्यापर्यंत घटू शकते आणि १:६ चा चढ काठावर येऊन बसतो. पाऊस पडलाय, शेवाळ आहे, वर मुरूम पसरलाय, तर थांबून हब लॉक करा. वळणात अडखळलं तरी चालेल.

टू-लोचा खरा फायदा माथ्यावर दिसतो. ट्रेलर मागे घेताना ताशी साडेसहा किलोमीटर फार होतात. ट्रेलर कोन घेतो त्याच्या आत स्टिअरिंग फिरवून होत नाही. मग क्लच अर्धा धरून मागे जावं लागतं आणि पाचव्या-सहाव्या खेपेला जळकट वास येतो. लोमध्ये क्लच पूर्ण सोडा, रेस देऊ नका, दोन्ही पाय मोकळे ठेवून फक्त आरशात पाहा. गाडी चालण्याच्या निम्म्या वेगाने सरकते आणि ट्रेलर वाकडा होतोय हे वेळेत कळतं. स्टिअरिंग पूर्ण टोकापर्यंत वळलेलं असतानाही पुढचा टायर घासत नाही. फोर-लोमध्ये ही हालचाल कोरड्या फरशीवर करून पाहिली की फरक लगेच कळेल.

उतारावर मात्र टू-लो नको. इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांना मिळतं, उतारामुळे त्यांच्यावरचा भार आधीच कमी झालेला असतो, आणि मागून ट्रेलर ढकलतो. मुरमावर मागची चाकं घसरली की गाडी आडवी व्हायला लागते. उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर, दोन्ही हब लॉक करा आणि फोर-लोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरने उतरा. बऱ्याच गाड्यांमध्ये ४एल टाकताच ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद होतं, हेही लक्षात असू द्या. टू-लोमध्येही ते बंदच असतं, कारण संगणकाच्या लेखी तुम्ही फोर-लोमध्येच आहात.

डांबरी रस्त्याला लागण्याआधी २एचवर (हाय रेंज, जोर फक्त मागच्या चाकांना) या. लोच्या तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला ताशी वीसच किलोमीटर होतात. त्यापुढे इंजिन नुसतं ओरडतं.

परतल्यावर चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि मागचा शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. डिफरन्शियलमधला थोडा खेळ स्वाभाविक आहे. क्रॉसमध्ये (युनिव्हर्सल जॉइंटचा मधला चौफुला) खेळ असता कामा नये. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. तो क्रॉस पुढच्या भरल्या खेपेआधी बदला. पिनियन सीलजवळ तेलाचा ओलावा, शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट आणि मागच्या अॅक्सलच्या तेलाची पातळी हेही त्याच वेळी पाहून घ्या.