काचेच्या पाच पट्ट्या

रात्रीचे साडेअकरा.

आज पाचही पट्ट्या तपासून आले. चार शाबूत, एक तुटली. अहवाल उद्या द्यायचा आहे. झोप येईलसं वाटत नाही, म्हणून आधी इथे लिहून काढते.

पट्ट्या काचेच्या, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर काच आडवी धरायची, दोन्ही टोकं पक्की चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलने तारीख घालायची. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भिंत अजून सरकत असेल तर तडकते. मोजायला आता उपकरणं मिळतात, मीही वापरते. पण आकड्यांवर वाद होतात. तुटलेल्या काचेसमोर कोणालाही उभं केलं तरी काही सांगावं लागत नाही.

इमारत विद्यार्थ्यांच्या खोल्यांची, कॉलेजच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर. पुढची मुख्य इमारत जुनी, दगडी पाया आणि विटांच्या जाड भिंती. मागे नंतर जोडलेला काँक्रीटचा भाग. मालकांना सगळंच पाडून उंच वसतिगृह बांधायचं आहे. गावातल्या काही मंडळींना एकही वीट हलू द्यायची नाही. मला विचारलंय ते एवढंच, की इमारत उभी राहू शकते का. विद्यार्थी असताना मागच्या भागात दुसऱ्या मजल्यावर मी दोन वर्षं राहिले आहे. काम हातात घेतानाच मालकांना ते सांगितलं होतं.

पुढच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ओल आहे. सगळे तिच्याकडेच बोट दाखवून म्हणतात, संपली ही. गेल्या आठवड्यात तिथल्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेले. कमरेच्या वर टणक आवाज, खाली बद्द. कमरेपर्यंत कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. गवंड्याने छिन्नी लावली तशी त्याची मोठी खपली एका तुकड्यात सुटली. मागची वीट भिजलेली होती, बोटाने दाबली तर चुरा हातात आला. वीतभर वर, जुन्या चुन्याच्या गिलाव्यामागे, त्याच भट्टीतल्या असाव्यात अशा विटा कोरड्या होत्या. त्यांच्या कडा अजून धारदार.

चुन्याची भिंत पाणी घेते आणि परत हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर दिला की आत आलेलं पाणी आतच कोंडतं, क्षार विटेच्या पोटात साचतात, त्यांचे स्फटिक वीट आतून फोडतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. म्हणजे भिंत म्हातारपणाने खचत नव्हती. तिला चुकीची दुरुस्ती भोवली होती. वर पन्हळ तुंबलेली, आणि तिचं सगळं पाणी त्याच कोपऱ्यात उतरत होतं. इमारत आपोआप पडायला आली असं कोणी म्हणालं की मी आधी पन्हळीकडे बघते. इंग्लंडमधला लेखक आणि कलावंत विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा तिचा भरही थाटाच्या जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या देखभालीवरच होता.

आज पट्ट्या बघताना तिथे राहणारा एक मुलगा मागे मागे फिरत होता. त्याने विचारलं, “मॅडम, ही पाडली तर किती जास्त जणांची सोय होईल?” मी खरं ते सांगितलं, की चार-पाचपट तरी. तो म्हणाला, “मग ठेवायची कशाला? माझा मित्र रोज दीड तास प्रवास करून येतो.” हा प्रश्न मला मोडीत काढता येत नाही. खोली न मिळालेल्या मुलाला कमानी आणि नक्षी दाखवून काय उपयोग? मी त्याला उलट विचारलं, नव्या इमारतीत तुला या भाड्यात खोली मिळेल का? तो गप्प झाला. नव्या बांधकामाचं कर्ज भाड्यातूनच फेडावं लागतं. या इमारतीचा खर्च कधीच वसूल झाला आहे, म्हणून तिच्यात कमी पैशांत राहता येतं.

कॉलेजच्या गावाची आणखी एक अडचण मला अलीकडे फार जाणवते. ज्यांना अशा खोल्यांची सर्वांत जास्त गरज, ते तीन-चार वर्षांत गाव सोडून जातात. सुनावणीची तारीख पडते तेव्हा त्यांची परीक्षा असते. पुढची तुकडी येते तिला आधी इथे काय होतं हेच माहीत नसतं. बोलायला उरतात मालक आणि घरं असलेले कायमचे रहिवासी. त्यांच्यातल्या काहींना इमारत हवी असते, पण आतली मुलं नको असतात.

म्हणून मला राहून राहून इटलीतलं बोलोन्या आठवतं. तिथल्या विद्यापीठाचं स्थापनावर्ष परंपरेने १०८८ मानतात. विद्यार्थी आणि इतर माणसं वाढली, जागा पुरेना, तेव्हा लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. त्या खांबांमधून छताखालचा रस्ता तयार झाला. १२८८ मध्ये नगराने नियमच केला की नव्या घराला असा छतमार्ग हवा. २०२१ साली युनेस्कोने हे छतमार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आज जे जपायचं म्हणतो ते एकेकाळी गर्दीची सोय म्हणून केलेलं वाढीव बांधकाम होतं! आणि १९७३ मध्ये त्याच शहराने सार्वजनिक घरबांधणीचा पैसा जुन्या भागातली मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करण्याकडे वळवला. तिथल्याच रहिवाशांना परवडणाऱ्या भाड्यात तिथेच राहता यावं, हा त्यामागचा हेतू होता. मला जतन म्हणजे हे वाटतं. दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे महागडी घरं उभारली, तर त्याला मी जतन म्हणणार नाही.

जतनाला देखणेपणही लागत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी लाकडी इमारत बांधली होती, ‘बिल्डिंग २०’. युद्धापुरतीच म्हणून बांधलेली ती १९९८ पर्यंत टिकली. कोणाची परवानगी न घेता भिंत पाडावी, तार ओढावी, अशी तिथे मोकळीक होती. नोम चॉम्स्कींचं भाषाशास्त्रातलं काम तिथेच बहरलं. वारशाच्या कुठल्याही यादीत ती सौंदर्यासाठी बसली नसती.

सिमेंटबद्दलही लिहायला हवं, कारण आयुष्यभर मी ते वापरत आले. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर भट्टीचं इंधन जळतं. जगभरच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. उभी भिंत पाडून तिच्या जागी नवी बांधताना हा हिशेब नकाशावर कुठेच दिसत नाही.

आता तुटलेली पट्टी.

ती मागच्या भागात आहे. मुख्य इमारतीला जिथे तो जोडलाय, त्या सांध्यावर दुसऱ्या मजल्याला. माझ्या जुन्या खोलीच्या दारापासून दोन पावलांवर. मधोमध तडकली आहे आणि दोन तुकड्यांमध्ये नखाची कड जाईल एवढी फट पडली आहे. मागच्या भागाचा पाया उथळ, तो खचतोय आणि पुढच्या इमारतीपासून सुटतोय. तुळयांमधली सळई गंजून फुगली, तिने वरचं काँक्रीट उडवलं. सळई इतकी झिजली आहे की वरून भरून घेतल्याने काही साधणार नाही. महिनाभर मी मार्ग शोधत होते. आज थांबले.

हा भाग पाडावा लागेल. माझी खोली जाईल. पुढची इमारत, जिचा काळोखा जिना मला कधी आवडला नाही, ती चुन्याच्या दुरुस्तीवर आणि पाण्याला नीट वाट दिल्यावर सहज उभी राहील. मागे मोकळी होणारी जागा आणि लगतची गाड्या लावायची जागा मिळून नवी उंच इमारत बसते. आज संध्याकाळी नकाशावर आखून पाहिली. सगळं पाडून मिळाल्या असत्या तितक्या खोल्या होत नाहीत, पण आत्ताच्या तिपटीच्या आसपास होतात. पुढच्या इमारतीतली भाडी आहेत त्याच पातळीवर ठेवावीत असंही लिहिलं आहे. मालक म्हणतील, हे तुमचं काम नव्हे. तरी ठेवणार आहे.

निघताना त्या खोलीचं दार वाजवलं. हल्ली तिथे एक मुलगी राहते. टेबल खिडकीशी, मी ठेवायची तिथेच. तिला सांगितलं की खोली सोडावी लागेल. तिने विचारलं, “कधीपर्यंत?” मी म्हटलं, याच आठवड्यात. परीक्षा पंधरा दिवसांवर आहे तिची.

पुढच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक कोरडी खोली जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. ती दोन दिवसांत मोकळी करून तिला द्यावी, हे अहवालाच्या पहिल्या पानावर घेतलं. पन्हळ साफ करायला माणूस सकाळी सातला येतोय.